मागचे चार बाक

दोरी पाळकांनी स्वतःच बांधली. पुढचे आठ बाक मोकळे, मागचे चार बंद. चर्चमध्ये बाक बारा, माणसं बावीस, आणि ही बावीसच्या बावीस माणसं गेली अकरा वर्षं मागच्या चार बाकांवर बसत आली होती. मधल्या आठ रिकाम्या बाकांवरून पाळक दर रविवारी शांतीचा संदेश ओरडून ओरडून पोहोचवत. माईक होता. पण तो लावला की सेक्रेटरींच्या कानातलं यंत्र शिट्टी मारायचं, म्हणून कमिटीने एकमताने माईक कपाटात ठेवला होता. किल्ली सेक्रेटरींकडे.

शुक्रवारी घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आवाज चढवणं बंद. नाहीतर कायमचा जाईल." आवाज गेला की पाळक घरी. आणि बावीस माणसांसाठी वरून कोणी नवा पाळक पाठवत नाही, कुलूप पाठवतात.

रविवारी पावणेनऊला सेक्रेटरी आले. निवृत्त कॅशियर. त्यांनी दोरी बोटाने ओढून पाहिली.

"मजबूत आहे. नायलॉन?"

"सेक्रेटरीसाहेब, आजपासून सगळ्यांनी पुढे बसायचं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली होती ना तुम्हाला?"

"वाचली तर! फार वाईट वाटलं. आमच्या हिला रात्रभर झोप नाही." एवढं बोलून ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, दोरीखालून पलीकडे गेले आणि आपल्या जागेवर बसले.

मग रांगच लागली. नर्सबाईंनी दोरी वर उचलून धरली आणि सासूबाईंना अलगद खालून काढलं. शिंपीकाकांना वाकता येईना, तेव्हा दोघातिघांनी एका टोकाची गाठ सोडली, काकांना आत घेतलं, आणि पाळकांच्या मेहनतीचा मान राखून गाठ होती तशी पुन्हा बांधली.

"अहो, ती दोरी तुमच्यासाठीच आहे!" पाळक म्हणाले.

"असू दे की, आमची काही अडचण नाही," नर्सबाई म्हणाल्या. "नवीन कोणी आलं तर पुढे बसेल बिचारं."

मागच्या सहा वर्षांत नवीन असा एकच माणूस आला होता. तो विजेचं मीटर बघून गेला.

उपासना सुरू झाली. प्रार्थनेच्या वेळी नर्सबाई उठल्या आणि पाळकांच्या घशासाठी सात मिनिटं प्रार्थना केली. स्वरयंत्राचा एकही भाग त्यांनी सोडला नाही. आमेन इतकं दणदणीत झालं की खिडकीच्या काचा थरथरल्या. सगळं मागच्या चार बाकांवरून.

पाळकांनी उपदेश हळू आवाजात सुरू केला. विषय हरवलेल्या मेंढराचा.

"आवाज!" मागून सेक्रेटरी ओरडले.

पाळक थांबले. अकरा वर्षांत त्यांनी या माणसांची लग्नं लावली होती, भांडणं मिटवली होती, माणसं पुरली होती, शिंपीकाकांच्या ऑपरेशनला तीन दिवस दवाखान्याच्या पायरीवर बसून काढले होते. त्या बदल्यात आठ बाक मागितले होते. तेही रिकामे.

त्यांनी बायबल काखेत मारलं, खाली उतरले, तरातरा चालत मागे गेले, दोरीला लाथ घालावीशी वाटली ती आवरली, खालून वाकून आत शिरले आणि मागच्या चार बाकांच्या मधोमध उभे राहिले.

"घ्या! आलो! आता तरी येतं का ऐकू?"

हे शेवटचं जरा जोरात झालं. पुढच्या वाक्याला नुसती हवा आली. त्यांनी खाकरून पाहिलं, पाणी पिऊन पाहिलं. हवाच.

एकमेकांकडे कोणी पाहीना. नर्सबाई अर्धवट उठल्या आणि तशाच राहिल्या.

"मुद्दा दुसरा," शिंपीकाका म्हणाले. अकरा वर्षं प्रत्येक उपदेशात ते झोपत आले होते. आत्ताही डोळे मिटलेलेच होते. "मेंढपाळ लांबून हाका मारत बसत नाही. उठून जातो."

"नाही हो काका," नर्सबाईंच्या सासूबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी ते काट्यांचं सांगतात. मेंढरू काट्यात अडकतं तेव्हा ओरडतसुद्धा नाही, ते."

"काटे गेल्या वर्षी होते," सेक्रेटरी म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षी दरी होती."

"दरी आणि काटे दोन्ही असतात! आणि इथे पाळक जरा थांबतात, चष्मा पुसतात. थांबा की जरा."

सगळे थांबले. चष्मा पुसण्याइतके.

दरी चुकीच्या जागी आली होती. पाळकांनी हात वर करून दुरुस्ती करायचा प्रयत्न केला, पण त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मग ते बाकाच्या टोकाच्या मोकळ्या जागेवर बसले. अकरा वर्षांत उपदेश चालू असताना ते पहिल्यांदाच बसले होते.

नर्सबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"पाळकसाहेब, रागावू नका हं. ही जागा आमच्या जाऊबाईंची. बाळंतपणाला मुलीकडे गेल्यात, पण येतील. तुम्ही पुढे बसा ना. तिथे सगळं मोकळंच आहे."

पाळक उठले आणि सगळ्यात पुढच्या बाकावर एकटे जाऊन बसले. मागे तिसऱ्या मुद्द्यावरून चांगलीच जुंपली होती. आठ बाक ओलांडून शब्दन् शब्द ऐकू येत होता.