विलंबाचे कारण

द्वारकाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि आतला शुभ्र रेशीमकोष न्यायाधिकाऱ्यांच्या मेजावर अलगद ठेवला.

कामात कसूर केल्याचा ठपका ठेवून रेशीम संगोपन केंद्राने त्यांना चौकशीविनाच बडतर्फ केले होते. अपिलाची मुदत पंधरा दिवसांची होती. त्या आल्या चोविसाव्या दिवशी. आता विलंब माफ होऊन अपिलाची परवानगी मिळाली, तरच त्यांची बाजू ऐकली जाणार होती.

केंद्राचे वकील हसले. "कामात कसूर, अपिलातही कसूर! बाईंनी सातत्य मात्र राखलंय, साहेब."

"बाई, नऊ दिवस उशीर का झाला?" न्यायाधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले.

"कागद हाती पडला तेव्हा किडे लहान होते, साहेब. माझ्या जागी कुणाला नेमलंच नव्हतं. बडतर्फी मला कळली. त्यांना कशी कळावी? कोष बांधून होईपर्यंत रोज चार वेळा तुतीचा पाला घालत राहिले."

मग त्यांनी कोष जमा केल्याची पावती पुढे केली. तारीख बडतर्फीनंतरच्या बाविसाव्या दिवसाची होती. 'कोष उत्तम, संगोपन द्वारकाबाई' या ओळीखाली खुद्द केंद्रचालकांची स्वाक्षरी होती. वकिलांनी ती ओळ दोनदा वाचली आणि ते खाली बसले.

"अपिलाची परवानगी दिली," न्यायाधिकारी म्हणाले. "सुनावणी कधी ठेवू?"

द्वारकाबाईंनी कोष उचलून पुन्हा पदरात बांधला.

"सकाळची ठेवा, साहेब. निकाल लागला की दुपारी मला नव्या किड्यांना पाला घालायला जायचंय."