डोळे बांधायचा तास

“फटीतून बघतेस होय गं?”

गंगाधर मास्तरांनी मैनाच्या डोळ्यांवरची पट्टी चाचपून पाहिली. गाठ घट्ट होती. तरी पोरीने पानाला नुसतं बोट लावून सांगितलं होतं, “करवंदीचं. कवळं हाय.” त्याआधी मुठीतली वरी आणि नाचणी तिने बिनचूक निवडली होती. ओवा, बिब्बा, शिकेकाई तर नाकापाशी यायच्या आतच ओळखली.

मास्तर महाडचे. उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीवर ते पावसाळ्याआधी बदलून आले. शाळा देवळाच्या पडवीत. पोरं मोजकी, बहुतेकांचे बाप मुंबईला गिरणीत. फाल्गुनात दिपोटीसाहेब तपासणीला यायचे होते. त्यांच्या मनास आली नाही तर शाळा बंद, मग पोरांनी खुशाल पोलादपूरपर्यंत तंगडतोड करावी. म्हणजे कोणी जाणार नाही, आणि मुली तर मुळीच नाही. हे मास्तरांना कळत होतं आणि वाडीलाही.

म्हणून मास्तरांनी पंचेंद्रियांचा पाठ काढला, आणि तोही घोकंपट्टीचा नव्हे. सगळ्यांनी एकदम डोळे बांधायचे. कान, नाक, जीभ, कातडी यांच्यावर भिस्त ठेवायची. पहिल्या दिवशी पोरं नुसती खिदळली. मग हळूहळू एकेक गप्प झालं. पिंपळ वेगळा सळसळतो आणि आंबा वेगळा, हे चांगूला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मोरूने दोन तांब्यांतलं पाणी चाखून झऱ्याचं कुठलं ते सांगितलं आणि बरोबर निघालं तसा स्वतःच आ वासून बसला. “मास्तर, हे सगळं आदी कुठं होतं?” त्याने विचारलं. मास्तरांच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा पडवीत एवढं जग मावलं होतं!

मैनाला तर या तासाचं वेडच लागलं. आल्या आल्या विचारायची, “मास्तर, आज पट्टी हाय ना?”

एरवी ती मुलखाची मुखदुर्बळ. पाढे आणि कविता सगळ्यांच्या सुरात म्हणायची, स्वच्छ म्हणायची. मास्तरांपुढे मुलींनी मान खाली घालूनच उभं राहायचं, ही तिथली रीत. मैना तर त्यात सगळ्यांच्या वरताण. एकदा तिची आजी ठकूबाई वाटेत भेटली तेव्हा मास्तर कौतुकाने म्हणालेसुद्धा, “पोर मोठी मर्यादशील हो! नजर म्हणून वर करत नाही.”

“तशीच हाय ती, मास्तर,” म्हातारी म्हणाली आणि पदर सावरत लगबगीने निघून गेली.

पण इतकं बरोबर यायचं म्हणजे काय! मास्तरांना संशय आला तो शकूचा. शकू मैनाची चुलत बहीण. दोघी येणार हातात हात घालून, जाणार हातात हात घालून. पाट्यासुद्धा सारख्या, एकीचा सात उलटा असला की दुसरीचाही उलटा. शकूच फटीतून बघत असणार आणि हिला चिमटे काढून सांगत असणार. दिपोटीसाहेबांनी ही लबाडी पकडली तर संपलंच सगळं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शकूला पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. मैनाने तरीही सगळं ओळखलं. मात्र शाळा सुटल्यावर ती एकटी निघाली ती थेट दारातल्या घागरीवर जाऊन आदळली. घागरीच्या खापऱ्या झाल्या.

“बहीण दूर बसवली म्हणून रागाने घागर फोडायची?” मास्तर कडाडले.

मैना खाली बसून खापऱ्या गोळा करू लागली. एरवी कोणी पडलं की हसून लोळणारी पोरं, त्या दिवशी एकही हसलं नाही.

फाल्गुनात दिपोटीसाहेब तट्टावर बसून आले. त्यांनाही संशय आलाच. त्यांनी आपला काळा रुमाल काढला, दुहेरी घडी घातली आणि मैनाचे डोळे स्वतः बांधले.

मैनाने आमसूल ओळखलं, चंदन ओळखलं. साहेबांचं खिशातलं घड्याळ कोणत्या कोपऱ्यात ठेवलंय ते बोट करून दाखवलं. मग हळूच म्हणाली, “सायबांच्या तट्टाचा एक नाल ढिला हाय. येताना वाजत होता.”

साहेब ताडकन उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हाताला खुराची माती होती आणि चेहरा पार बदलला होता.

“मास्तर, एवढी वर्षं शाळा तपासतोय,” ते सावकाश म्हणाले, “पण असलं काही पाहिलं नाही. ही शाळा बंद करणारा मी कोण? चालू राहील.”

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी मैनाच्या डोक्यावर हात ठेवला. शाळा हिने राखली होती, आणि आपण हिलाच लबाड म्हणत होतो!

साहेबांनी रुमाल सोडून घेतला आणि पिशवीतून एक रंगीत चित्र काढून मैनाच्या हातात दिलं. “हे तुझं बक्षीस. काय आहे ते सांग आणि घेऊन जा.”

मैनाने चित्रावरून बोटं फिरवली. नाकाशी नेलं. “कागद हाय. गुळगुळीत.”

साहेब मोठ्याने हसले. “अगं, आता पट्टी कुठे आहे? डोळ्यांनी बघ की!”

चांगूने मान खाली घातली. शकू तोंडावर हात दाबून रडू लागली.

मैनाने पहिल्यांदाच मान वर केली आणि मास्तर उभे होते त्याच्या जरा बाजूला तोंड करून म्हणाली, “मास्तर, सगळ्यांना पट्टी बांधा ना. पट्टी बांधली का सगळीच माझ्यासारखी होतात.”