भिंतभर खिडकी

"एवढा मोठा एकच पडदा कशाला शिवून घेतलात? मधल्या ब्रॅकेटला कड्या अडतील. अर्धाच उघडेल," स्टुलावर चढलेला पडदेवाला म्हणाला.

"अडू देत. उघडायचाय कुणाला?" हे म्हणाले. "अख्खी सोसायटी घरात डोकावते."

मी स्टूल धरून उभी होते. ही भिंतभर खिडकी बघूनच तर या फ्लॅटला मी हो म्हटलं होतं. दुपारी कामं आटोपली की चहा घेऊन इथेच बसायचे. खाली पेरूवाला, खेळणारी पोरं, आणि समोरच्या इमारतीतली ती मरून रंगाच्या पडद्याची, कायम बंद खिडकी. "कोंडून घेऊन कशी राहतात ही माणसं!" असं मीच ह्यांना हसून म्हटलं होतं.

सोनेरी मोरांचा पडदा ओढला आणि भर दुपारी ट्यूब लावावी लागली. "काय शोभा आली बघ," म्हणत हे पडदेवाल्याबरोबर खाली गेले.

मी दोन बोटांनी पडद्याची कड बाजूला केली.

समोर मरून पडद्याची कडही तेवढीच सरकलेली होती. त्या फटीतून बांगड्या भरलेला एक हात, जुनी ओळख असल्यासारखा, मला बघून हलला.