आडनावाचा रकाना

प्लॅस्टिकची पट्टी कात्रीने कापलेली होती, तरी तिचा वळसा मोडला नव्हता. टेबलावर ठेवली की ती पुन्हा गोल व्हायला बघायची. त्या वेढ्यात ओर्नेल्लाचा अंगठा जेमतेम मावला असता. पट्टीवर निळ्या शाईत एवढंच लिहिलेलं होतं: मुलगी, दिओताल्लेवी. जन्माची नोंद होईपर्यंत इस्पितळात बाळाला आईच्याच आडनावानं ओळखतात.

इटलीतल्या फानोच्या नगरपालिकेतल्या कारकून बाईंनी पट्टीकडे एकदा पाहिलं आणि मग तिकडे बघायचं टाळलं. मुलगी काल पहाटे गेली होती. बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की मृत्यूची नोंद एकदम करता येत नाही. आधी ती जन्मली हे लिहावं लागतं. लेआ हे नाव ठरलेलं होतं. आडनावाचा रकाना रिकामा होता.

"दोघांचं मिळून लावता येतं," बाई म्हणाल्या. "नाहीतर एकाचं. काहीही करा, पण दोघांचं एकमत हवं."

 ओर्नेल्लाचा नवरा लोरिस खुर्ची असूनही उभाच होता. भिंतीलगतच्या बाकावर त्याचे वडील, प्रीमो मारांगोनी, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या बाह्यांना लाकडाचा भुसा लागलेला होता. उद्याच्या दफनासाठी शवपेटी त्यांनी स्वतः केली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. झाकणावर बसवायची पितळी पाटी तेवढी राहिली होती. ती त्यांच्या कोटाच्या खिशात होती, कोरी.

मारांगोनी म्हणजे सुतार. प्रीमोंना त्याचा अभिमान होता. ओर्नेल्लाला दिवस गेल्यापासून दर रविवारी जेवणाच्या टेबलावर हा विषय निघायचा. आमच्या आडनावात आमचं काम आहे, ते म्हणायचे, आणि तुझ्या आडनावात? कुणीतरी पोर अनाथालयाच्या दारात ठेवून गेलं. नन्सनी कागदावर लिहिलं, 'देव तुला लहानाचं मोठं करो', तेच, दिओताल्लेवी, त्याचं आडनाव केलं, आणि सूप निवायच्या आत जेवायला गेल्या. सगळे हसायचे. सुरुवातीला ओर्नेल्लाही हसली होती. मग एका रविवारी तिनं काटा खाली ठेवला आणि म्हणाली, की तो मोठा झाला, प्रीमो, म्हणून तर मी तुमच्यासमोर बसलेय. पुढच्या आठवड्यात प्रीमोंनी पाळणा आणून दिला. त्याच्या डोक्याकडच्या फळीवर त्यांनी मारांगोनी कोरलेलं होतं.

लोरिस दोघांच्या मधे बसायचा आणि पाव मोडत राहायचा. तुम्ही दोघं ठरवा, म्हणायचा. नाहीतर, ती येऊ दे तरी आधी.

ती फार लवकर आली. इस्पितळात काचेच्या उबदार पेटीत ठेवल्यावर ही पट्टी तिच्या घोट्यावरून गुडघ्यापर्यंत सरकायची. नोंदणीचं काय, असं लोरिसनं दोनदा विचारलं. घरी न्यायच्या दिवशी करू, असं ओर्नेल्ला म्हणाली. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. आकडा दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. तरी तिनं नर्सला सांगून ठेवलं होतं, की या पट्टीत काही बदल करायचा नाही. या नावानं एक पोर आईच्या दुधाशिवाय जगलं होतं. आणखी एक का जगू नये?

"मारांगोनी लिहा," ओर्नेल्ला आता म्हणाली.

प्रीमोंनी मान वर केली.

"तुम्हाला तेच हवं होतं ना?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "घ्या. पाळण्यावरही तेच आहे."

"पोरी, असं नको बोलूस," प्रीमो म्हणाले.  "मी थट्टा करायचो गं. म्हाताऱ्याची जीभ."

"थट्टा होती, पण खरी होती. नन्सनी दोन शब्द लिहिले आणि हात झटकले. त्यापलीकडे काही नाही त्या नावात." तिनं पट्टी बोटानं दूर सारली. "मीच वेडी."

पट्टी टेबलाच्या कडेशी जाऊन थांबली. बाईंनी लिहायला पेन उचललं, मग थांबून लोरिसकडे पाहिलं. त्यालाही विचारणं भाग होतं.

लोरिसनं आधी बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. गेले कित्येक महिने तो असाच पाहत आला होता. बाहेर चौकात कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. त्यानं वाकून पट्टी उचलली आणि तिच्यावरची अक्षरं वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होता. मग त्यानं ती पुन्हा ओर्नेल्लासमोर ठेवली.

"नाही," तो म्हणाला. "दिओताल्लेवी. नुसतं तेवढंच. ज्याला आपण मोठं करू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या दारात ठेवताना द्यायचं नाव आहे ते. उद्या सकाळी आपण तेच करणार आहोत." त्यानं बाकाकडे वळून पाहिलं. "बाबा, पाटीवरही तेच कोरा."