केटुराचं मत

निवडणूक घेणाऱ्या शेरीफनं दोन्ही उमेदवारांची मतं बरोबरीत असल्याचं जाहीर केलं, आणि खानावळीच्या अंगणात हातातले पेले हातातच राहिले. दिवस मावळला की मतदान बंद होणार होतं.

उमेदवार जोनस व्हॅनडरवीर रस्त्याकडे डोळे लावून बसला होता. विधिमंडळ भरायचं त्या ट्रेंटनच्या थंडीनं आणखी एक आमदार गिळला होता आणि त्याच्या रिकाम्या जागेसाठी ही पोटनिवडणूक होती. समोरच्या बाकावर प्रतिस्पर्धी ईनॉक पिअरसन नखं खात बसला होता. खाऊ दे बिचाऱ्याला! जोनसचा हुकमी एक्का अजून यायचा होता.

एक्का म्हणजे केटुरा, त्याची होणारी बायको. त्या काळी न्यू जर्सीत जमीनजुमला असलेल्या विधवेला मत होतं. लग्न लागलं की जमीन नवऱ्याची आणि मताला रामराम. म्हणून तर जोनसनं सकाळचं लग्न संध्याकाळवर ढकललं होतं. पाद्री वैतागला, केटुराची बहीण फणफणली. केटुरा मात्र काहीच बोलली नव्हती. बायको थांबते, खुर्ची थांबत नाही, असं तो दिवसभर ज्याला त्याला ऐकवत होता.

तिच्या मताची त्याला कसली काळजी? तिचा पहिला नवरा आब्राहम याच जागेवर निवडून गेला होता. गेलेली खुर्ची घरात परत येणार म्हटल्यावर ती हरखलीच असणार, असं त्यानं गृहीत धरलं होतं.

घोडागाडी आली. नवरीच्या पोशाखातली केटुरा चिखलातून घागरा सावरत टेबलापाशी पोचली.

"घ्या, नवरदेवाचा आहेर आला," पिअरसनच्या गोटातून कोणीतरी टोमणा मारला. जोनस खुशाल हसला. मत सगळ्यांसमोर तोंडी द्यायचं आणि उमेदवारानं मतदाराचे आभार मानायचे असा रिवाज होता, म्हणून हॅट काढून तो आधीच उभा राहिला.

शेरीफनं विचारलं, "बाई, मत कोणाला?"

"ईनॉक पिअरसन."

अंगणात एकच कल्ला उसळला. आभार मानायचं पिअरसनलाही सुचेना.

जोनस एक पाऊल पुढे आला. "केटुरा, अगं, हे काय केलंस?"

तिचे डोळे भरून आले होते. तिनं त्याच्या हातातली हॅट घेतली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली.

"आब्राहम उभा राहिला तेव्हा मी त्याची बायको होते, मला मत नव्हतं. त्याच हिवाळ्यात ट्रेंटनहून त्याची शवपेटी आली. आज मला मत होतं, जोनस. चल आता, पाद्री खोळंबलेत."