नारळाची झाडं

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात मुलं पळवणारा माणूस फिरतोय, असा व्हिडिओ सकाळपासून सीमंतिनीकाकूंच्या मोबाईलवर सारखा येत होता. त्यामुळे दुपारी शालींचं गाठोडं घेतलेला अनोळखी माणूस फाटकाशी थांबला, तेव्हा त्यांनी आधी नातीला आत घेतलं, मगच त्याला निरखलं. चेहरा व्हिडिओतल्यासारखाच वाटला. तेवढ्यात शेजारच्या तोमरजींनी त्याची कॉलर धरली. "यही है," ते म्हणाले आणि माणसं जमू लागली. काकूंनी व्हिडिओ पुन्हा लावला, नातीने शिकवलं होतं तसा मध्येच थांबवला आणि बोटांनी मोठा केला. पडद्यावरच्या माणसामागे नारळाची झाडं होती. पूजेचा प्रत्येक नारळ शहरातल्या लष्कर भागाच्या बाजारातून विकत आणणाऱ्या काकू बाहेर आल्या. "भाईसाहब, अपने ग्वालियर में नारियल का पेड़ किसने देखा है?" मोबाईल हातोहात फिरला. कॉलर सुटली. शालवाला गाठोडं उचलून, काकूंकडेही संशयानेच पाहत निघून गेला.