नदीपलीकडची बाई

दारावरची घंटी वाजली तेव्हा थिओ लांद्री राजमा ढवळत होता. सोमवारी न्यू ऑर्लिन्समध्ये घरोघरी राजमा शिजतो, आणि थिओचं घर म्हणजे रेकॉर्डच्या दुकानामागची ही शेगडीच. हातातला डाव तसाच घेऊन तो बाहेर आला आणि थिजला. दारात एर्लीन ग्रेवेल उभी होती.

ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवणाऱ्या ओडेलची बायको. तीस वर्षं चर्चला जाताना ती हे दुकान टाळायला रस्ता ओलांडायची. जॅझ म्हणजे सैतानाची करमणूक, हे तिचं मत सगळ्या आळीला पाठ होतं. महिन्यापूर्वी ओडेल गेला, तर त्याच्या अंत्ययात्रेत तिने बँडसुद्धा वाजू दिला नाही. या शहरात वादकाची अंत्ययात्रा, आणि बँड नाही! लोकांनी तोंडात घातलेली बोटं अजून बाहेर काढली नव्हती.

"जन्मात कधी जॅझ न ऐकलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी?" तिने विचारलं. पर्स पोटाशी घट्ट धरलेली.

"कोणासाठी हवंय, मिस एर्लीन?" लग्न झालेल्या बाईलाही आळीत आदराने मिसच म्हणत.

"माझ्यासाठी."

थिओने डाव काउंटरवर ठेवला, नाहीतर तो हातातून पडलाच असता. पण नवख्याला वाटेला लावणं हे त्याचं तीस वर्षांचं व्यसन. हात आपोआप कप्प्यांकडे गेले.

"आधी हा नार्सिस व्हिडाल. क्लॅरिनेट. गोड वाजवतो, कोणालाही रुचतो. पंधरा दिवस हाच ऐकायचा. मग ही कॉर्डेलिया बून. चर्चमध्येच गायला शिकलेली, तुम्हाला परकी वाटायची नाही. धडाधड वाजणारं सगळं नंतर. पहिल्याच घासाला तिखट नको."

"आणि ओडेल?"

"ओडेल... तो जरा पुढचा धडा आहे."

"खोटं बोलू नका. नवीन आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी ओडेलच ऐकवता." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे थिओला जास्तच भीती वाटली. "दफनाच्या दिवशी शिकागोहून आलेल्या दोन पोरी मला विचारत होत्या, ती नदीपलीकडची बाई आली आहे का हो? म्हटलं, कोण बाई? तर म्हणाल्या, ती नाही का, लांद्रीच्या दुकानात सांगतात ती."

सांगणारा थिओच होता. ओडेल त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधेच थांबायचा. ओळ संपली की चार ठोके नुसती शांतता, आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला. "हे थांबणं ऐका," थिओ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे शिकवून येत नाही. नदीपलीकडे एक बाई होती. तिची आठवण आली की त्याचा दम अडतो." ती बाई कोणी पाहिली नव्हती. ओडेलला विचारलं तर तो नुसता हसायचा. तीस वर्षं सांगून सांगून थिओला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती.

"मिस एर्लीन, ती आपली एक..."

"लावा ते गाणं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने मला फसवलं का, ते आज कळू दे. तुम्हाला ती बाई ऐकू येते ना? मग मलाही येईल."

थिओने सुई टेकवली. आपली जीभ झडून का गेली नाही, असं त्याला झालं होतं. चर्चमधलं जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं सुरू झालं. ट्रॉम्बोन खालच्या सुरात एक ओळ म्हणाला आणि थांबला.

एक. दोन. तीन. चार.

एर्लीनची पर्स खाली पडली.

दुसरी ओळ सुरू झाली. तिचा उजवा हात काउंटरवरून सावकाश पुढे सरकू लागला. ओळ संपायच्या जरा आधी तो वर उचलला गेला. मग शांतता. ट्रॉम्बोन पुन्हा बोलला त्याच क्षणी हात खाली टेकला. ही रेकॉर्ड तिने आयुष्यात ऐकली नव्हती, आणि ओडेल कुठे थांबणार हे तिच्या हाताला आधीच माहीत होतं.

"मिस एर्लीन?"

"इथे मी इस्त्री उचलते," ती म्हणाली. "शर्ट उलटते. मग पुढची ओळ म्हणते."

"कोणाचे शर्ट?" थिओने विचारलं.

"रविवारच्या मिरवणुकीचे बँडचे पांढरे शर्ट," ती म्हणाली. "सोमवारी सकाळी धुवायचे, दुपारी इस्त्री. हे गाणं म्हणत म्हणतच करते मी. गाणं आणि शर्ट उलटणं एकदम जमत नाही मला, म्हणून थांबते."

शहरातला प्रत्येक ट्रॉम्बोनवाला आज त्या जागी थांबतो. त्या चार ठोक्यांवर थिओने किती जणांना किती ज्ञान पाजलं होतं! त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"ओडेल कधी बोलला नाही तुम्हाला?" त्याने कसंबसं विचारलं.

"बोलला असता, तर मी गाणं बंद केलं असतं."

मागून करपल्याचा वास येऊ लागला. थिओ हलला नाही. एर्लीनने पर्सही उचलली नव्हती. तिचा हात पुन्हा वर गेला, थांबला, खाली आला.

"सोमवारी तो घराबाहेर पाऊल टाकायचा नाही," ती म्हणाली. "कोणी कितीही बोलवू दे. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून दुपारभर बसून राहायचा. मला वाटायचं, राजम्यासाठी."